पाकिटाच्या आतल्या बाजूला

४ जानेवारी

भावजयीस,

आशीर्वाद. ते फुकट असतात म्हणून सुरुवातीलाच देऊन टाकते.

माझ्या भावाच्या वाढदिवसाला तू नेटवर जे काही दिवे लावलेस ते कळले. माझ्याकडे तसला फोन नाही, पण खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे आहे, आणि दुसऱ्याच्या घरातलं मोठ्याने वाचून दाखवायची त्यांना भारी हौस. त्याचा फोटो. घड्याळांच्या दुकानाचा फोटो. दुकान कधी उघडतं, कधी बंद होतं. मी त्याला लहानपणापासून 'गोगलगाय' म्हणते, तेही. आणि तो पाच वर्षांचा असताना तापाने फणफणला, तेव्हा 'ताईंनी त्यांना पाठीवर घेऊन तासभर चालत डॉक्टरांकडे नेलं', ही कहाणी. शिंपीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोळ्यांत आग. अगं, घराचं दार उघडं टाकून वर पाटी लावलीस की आत काय काय आहे! आता फक्त कपाटाची किल्ली कुठे असते तेवढं टाकायचं राहिलंय. तेही एकदा टाक म्हणजे चोराला हुडकत बसायला नको.

तुला वाटेल, ही म्हातारी जुन्या काळातली. मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसले. लोक फोनवर काय काय बोलतात ते मला विचार. आम्ही ऐकायचो. ऐकायचं नसतं, तरी ऐकायचो. म्हणून माझ्या घरातलं महत्त्वाचं काही मी फोनवर बोलत नाही, पत्रात लिहिते. पत्र चोरायचं तर पाकीट फोडावं लागतं, आणि फोडलेलं पाकीट दिसतं.

वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक. विद्वान माणूस, भिंतीभर पुस्तकं. त्यांना पुतण्याचा फोन आला, काका मी अडकलोय, लगेच पैसे पाठवा. आवाज हुबेहूब पुतण्याचा. हल्ली म्हणे यंत्रात आवाज बनवता येतो. प्राध्यापकांनी पाठवले. पुतण्या त्या वेळी घरी झोपला होता! मी त्यांना तोंडावर म्हटलं, "अहो, फोन ठेवून पुतण्याच्या नेहमीच्या नंबरावर एक फोन लावायला काय झालं होतं?" भिंतीभर पुस्तकं आणि एवढी अक्कल नाही.

तेव्हा आपल्या घरात आता एक खुणेचा शब्द असेल. मी ठरवीन. अडचणीत आहे म्हणून कोणाचाही फोन आला तर आधी शब्द. शब्द नाही, तर माणूस नाही. तो शब्द कसा पोचवायचा ते मी बघते.

बाकी तुझा विजेचा खर्च वाढल्याचं तो बोलला. टीव्हीचा तांबडा दिवा रात्रंदिवस जळत असेल. फ्रिजच्या दारात कागदाचा कपटा धरून दार लावून बघ. कपटा सहज ओढून निघाला तर रबर गेलंय आणि थंडी बाहेर जातेय. साबणाचे चपटे तुकडे जुन्या मोज्यात भर. आणि नेटवर काही घ्यावंसं वाटलं तर ते कागदावर लिहून आठ दिवस भिंतीला चिकटव. आठ दिवसांनी त्यातलं निम्मं हास्यास्पद वाटतं. तुझ्या बाबतीत सगळंच.

हे पत्र ज्या पाकिटात आलं ते बघ. वीजबिलाचं आहे. जोड वाफेवर सोडवायचे, कागद उलटा करायचा, पिठाची खळ लावून परत चिकटवायचं. आतली बाजू बाहेर. मी पंचवीस वर्षांत पाकीट विकत घेतलेलं नाही. तू पण असंच कर.

तुझी नणंद


१३ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. तोही फुकटच असतो, म्हणून दोन करते.

ती पोस्ट मी काढून टाकली. त्यावर अडीचशे लोकांनी हृदयं टाकली होती, बहुतेक तुमच्यासाठी. त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

तुमच्या सगळ्या सूचना अमलात आणल्या. साबणाचे तुकडे मोज्यात भरले. मोजा नळाला टांगला होता, यांना वाटलं पाय धुवायचा आहे, त्यांनी पायात घातला. फ्रिजमधला कपटा सहज निघाला, म्हणून रबर बदलून घेतलं. रबर बदलणाऱ्याने घेतलेल्या पैशांत तीन वर्षांची थंडी विकत आली असती, पण तुम्ही म्हणालात ते खरंच असणार. भिंतीवर आता सात कागद आहेत. त्यातला एक 'झोपायची उशी' असा आहे, आणि आठ दिवसांनीही तो मला हास्यास्पद वाटला नाही. मान आहे मला, वन्सं. ती दुखते.

माझं काम तेच. मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. हे त्यांच्या काचेच्या टपरीएवढ्या दुकानात सकाळी नऊ ते सात. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. परवा एका बाईंचं आजोबांचं घड्याळ चालू केलं, तर त्या तिथेच रडल्या. यांनी त्यांचे पैसे निम्मे केले. हे मी तुम्हाला सांगायला नको होतं.

तुमचं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवते. हे हसतात. म्हणतात, "ताई रागावली की आधी आपटते, मग काम करते. तू तिच्या आपटण्याकडे बघू नकोस." मी बघत नाही. ऐकू मात्र येतं.

हे पाकीटही उलटलेलंच आहे. तुमची शिकवण.

तुमची भावजय


२२ जानेवारी

भावजयीस,

आशीर्वाद.

निम्मे पैसे! दुकान आहे की अन्नछत्र? तो पहिल्यापासून असाच. गोगलगायीला कणा नसतो, हे मी त्याला तिसरीतच सांगितलं होतं.

रबर बदलायला माणूस बोलावलास? रबर कोमट पाण्यात बुडवून ताणलं की घरच्या घरी बसतं. ते मी लिहिलं नव्हतं, कारण मला वाटलं तेवढं कळत असेल. पी हळद आणि हो गोरी, असं तुमच्या पिढीचं. आणि उशी घे. पण दुकानात जाऊन, हाताने दाबून बघून. चित्रावरून उशी घेणाऱ्या माणसाची मान दुखायलाच हवी.

आता मुद्दा. शब्द मी ठरवला आहे, आणि या टपालाने तो तुझ्याकडे पोचला आहे. कुठे, ते लिहीत नाही. पत्र चुकून दुसऱ्याच्या हाती पडलं तर? या पत्रासाठी मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा नवं कोरं पांढरं पाकीट विकत घेतलं आहे. ते वाया घालवू नकोस. मी शिकवल्याप्रमाणे वागलीस तर शब्द तुझा तुला सापडेल. ज्याला माझी शिकवण कळली नाही त्याला शब्द मिळायलाही नको.

सापडला की गोगलगायीला तोंडी सांग, दोघंच असताना. उत्तरात शब्दाचा उल्लेख करायचा नाही. प्रश्नही विचारायचे नाहीत. नुसतं 'पोचलं' लिही.

तुझ्या पोस्टमध्ये जे नाही, असंच काही मी निवडलं आहे. ते त्याला आणि मलाच माहीत आहे. बाकीचं सगळं तू गावजेवणासारखं वाढून टाकलंस.

तुझी नणंद


३ फेब्रुवारी

वन्सं,

दोन नमस्कार.

पोचलं.

तुम्ही नवं पाकीट विकत घेतलंत हे यांना सांगितलं तर हे उठून खिडकीपाशी गेले, आभाळ फाटलंय का बघायला.

उशी दुकानातून आणली. हाताने दाबली. दुकानदाराने विचारलं, "बाई, काय शोधताय?" मी म्हटलं, "माझ्या नणंदेला विचारा."

तुम्ही पाठवलेलं सगळं मी एका बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवते. पत्रंही आणि पाकिटंही. काळजी नसावी. जे तुमचं आहे ते माझ्याकडे सुखरूप आहे.

तुमची भावजय


२० फेब्रुवारी

भावजयीस,

आशीर्वाद, आणि आज ऊर भरून देते, कारण मी जिंकले आहे.

काल दुपारी दीडच्या सुमाराला फोन वाजला. उचलला तर "ताई". गोगलगायीचा आवाज! हुबेहूब. तसाच अडखळत. त्यामागे माणसांचा गोंगाट. म्हणाला, "ताई, मला लागलंय, हाताला. फोन फुटला. हिचा नंबर सांग पटकन, मला पाठ नाही."

मी एक अक्षर सांगितलं नाही. म्हटलं, "शब्द?"

"कसला शब्द?"

घे! मी म्हटलं, "खुणेचा शब्द. तुझ्या बायकोने तुला सांगितलेला." तर म्हणतो कसा, "ताई, मला चक्कर येतेय, मी गोगलगाय बोलतोय ना गं." म्हणजे तुझी पोस्ट वाचून आलेला! मग पुढचा पत्ता टाकला, "तू मला पाठीवर घेऊन नेलं होतंस, आठव ना." मी म्हटलं, "अरे भामट्या, हे अडीचशे लोकांनी वाचलंय, आणि त्यातल्या प्रत्येकाने हृदय टाकलंय. तू कितवा?"

आणि या भामट्यांची नवी चलाखी बघ. पैसे मागितले नाहीत! प्राध्यापकांसारखे लोक पैसे म्हटलं की आता सावध होतात, म्हणून नुसता नंबर मागायचा. नंबर मिळाला की तुला फोन, की तुमचा नवरा जखमी आहे, आणि मग तुझ्याकडून पैसे. तुझा नंबर माझ्या फोनसमोर भिंतीवरच लिहिलेला आहे. मी त्याच्याकडे बघत बघत "नाही" म्हटलं. शेवटी तो नुसता "ताई, ताई" करत राहिला. तेव्हा मी त्याला जे काही सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. आणि फोन आपटला.

लगेच तुला फोन करून सांगणार होते. पण बाहेरगावचा फोन, आणि नुसती आपली बढाई सांगायला पैसे कशाला घालवायचे? पत्रात लिहीनच म्हटलं.

शिंपीणबाईंना सांगितलं, प्राध्यापकांना मुद्दाम वर जाऊन सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. एकतीस वर्षांच्या कानाला फसवायला निघाले होते!

गोगलगायीला सांग, तुझी नक्कल करणाऱ्याला बहिणीने कसा धुतला.

तुझी नणंद


९ मार्च

भावजयीस,

सतरा दिवस झाले, उत्तर नाही. एवढी मोठी गोष्ट कळवली तर दोन ओळींचं कौतुक करायलाही वेळ होऊ नये? की मी पकडला तो भामटा तुझ्या पोस्टमुळे आला, हे झोंबलं?

गोगलगायीनेही फोन केला नाही. दर रविवारी करतो. तीन रविवार गेले. बायको फुगली की नवऱ्यालाही फुगावं लागतं, हे मला माहीत आहे. पण फुगायलासुद्धा थोडा कणा लागतो, तो त्याने कुठून आणला?

मी काही फोन करणार नाही. चूक तुमची आहे.

तुझी नणंद


१४ मार्च

वन्सं,

नमस्कार एकच. त्या दिवसापासून हात जोडायला मला वेळ कमी मिळतो. आमच्या घरात आता दोनच हात चालतात, आणि ते माझे आहेत. ते सगळं करतात. यांच्या शर्टाची बटणंसुद्धा.

तुम्ही ज्याला धुतलंत तो तुमचा भाऊ होता.

दुकानातल्या शोकेसची काच खाली आली आणि उजव्या मनगटावर पडली. फोन खिशातून पडून काचेखाली फुटला. शेजारच्या चप्पल शिवणाऱ्याने यांना कोपऱ्यावरच्या छोट्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वरवर बांधून सांगितलं, आतल्या शिरा तुटल्यात, हाताच्या सर्जनकडे न्या, आजच. हाताचा सर्जन कुठे बसतो, माहीत आहे? मी ज्या इमारतीत काम करते तिथे, माझ्या डोक्यावर दोन मजले.

यांना माझा नंबर पाठ नाही. कोणाला असतो हल्ली? यांना जगात एकच नंबर पाठ आहे, तुमचा. तो हे सहा वर्षांचे असताना तुम्ही यांच्याकडून घोकून घेतला होता, हरवलास तर सांगायला.

तुम्ही फोन आपटल्यावर चप्पल शिवणारे म्हणाले, "चला, मी नेतो तुम्हाला मोठ्या हॉस्पिटलात." हे म्हणाले, "नको. ताई आता हिला फोन करेल. ती आधी आपटते, मग काम करते." आणि दवाखान्यातल्या बाकावर बसून राहिले. दीड वाजल्यापासून. चार वाजेपर्यंत. दर वेळी दार उघडलं की मान वर करायचे. मग शुद्ध गेली, आणि ती परत येईपर्यंत दवाखान्यातच सलाईनवर ठेवलं.

मला कळलं सहा वाजता, घराच्या दारात चप्पल शिवणारे उभे दिसले तेव्हा. सर्जन पाच वाजता घरी गेले होते. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. तुमचं विजयपत्र पाचव्या दिवशी आलं. मी ते हॉस्पिटलच्या जिन्यात वाचलं. यांना वाचून दाखवलं नाही. मोठ्याने न वाचलेलं तुमचं हे पहिलंच पत्र.

अंगठा आणि शेजारचं बोट वाकत नाहीत. सर्जन म्हणाले, त्याच दुपारी आणलं असतं तर बरीच आशा होती. चिमटा दोन बोटांत धरायचा असतो, वन्सं. तुम्हाला बाकी सगळं माहीत असतं, म्हणून हे सांगते.

प्राध्यापकांना तुम्ही काय विचारलं होतंत? फोन ठेवून नेहमीच्या नंबरावर एक फोन लावायला काय झालं होतं? मी तोच प्रश्न तुम्हाला विचारते. माझा नंबर तुमच्या भिंतीवर होता. एका फोनचे पैसे वाचवलेत. मोजून ठेवा, कुठेतरी लावा.

आणि तो शब्द. मी तुमचं पत्र तीनदा वाचलं. उजेडासमोर धरलं. कुठेही शब्द नव्हता. विचारायची बंदी होती, आणि विचारलं असतं तर मूर्ख ठरले असते. वाटलं, तुमचं आणखी एक खूळ, जाईल आठ दिवसांत. म्हणून यांना वाचून दाखवताना शब्दाचं सगळं गाळलं, आणि तुम्हाला 'पोचलं' लिहिलं. हे माझं पाप. ते मी तुमच्यावर टाकत नाही. मला माझं पुरतं.

भावजय


१९ मार्च

भावजयीस,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

तुझं पत्र आल्यावर मी तुझी सगळी पाकिटं काढली. कधीतरी कामाला येतील म्हणून मी ती रचून ठेवली होती, आत कधी डोकावले नव्हते. आज जोड सोडवले. आत ना जुना पत्ता, ना बिलाचा शिक्का. आतून बाहेरून कोरी. विकत घेतलेली. वरून कोपऱ्यांना पिठाची खळ फासलेली, म्हणजे मला उलटलेली वाटावीत! ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. तुला बोलायला माझ्या जिभेवर खूप काही आलं. मग म्हटलं, कोण बोलतंय?

शब्द पाकिटाच्या आतल्या बाजूला आहे. त्या पांढऱ्या पाकिटाच्या. उलटलं असतंस तर समोर आला असता. मी तो मुद्दाम तिथे लिहिला, जिथे माझ्यासारखंच वागणाऱ्याला सापडेल. मला वाटलं, तू माझ्यासारखी वागतेस. मला वाटलं, लोक माझं ऐकतात. एकतीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकून मला एवढंही कळलं नाही की ऐकून घेणं निराळं आणि पटणं निराळं.

एक गोष्ट तुला सांगते, ती मी विजयपत्रात लपवली होती. त्याच्या पहिल्या 'ताई'लाच मी त्याला ओळखलं होतं. माझं अंग आतून हललं. यंत्राचा आवाज ऐकून असं होत नाही. मग मी स्वतःला म्हटलं, फसू नकोस, प्राध्यापक होशील. भाऊ जाईल याची मला भीती नव्हती. लोक हसतील याची होती. शिंपीणबाई हसतील, याची. मी जन्मभर ज्यांना मूर्ख म्हटलं त्यांच्या रांगेत उभं राहायला नको, म्हणून मी त्याला बाकावर बसवून ठेवलं.

काल वर जाऊन प्राध्यापकांना सांगितलं. वाटलं, आता हे हसतील, हक्क आहे त्यांचा. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि चहा टाकला. पातेलंभर पाणी उकळलं, दोन कपांसाठी. मी काही बोलले नाही.

मी तीन रविवार वाट बघितली की तो फोन का करत नाही. आणि लिहिलं की कणा कुठून आणला.

मी येऊ का? तुला काम असतं. मी त्याची बटणं लावीन. लहानपणी लावली आहेत. तुझ्या स्वयंपाकघरात तोंड उघडणार नाही. फ्रिजकडे बघणारसुद्धा नाही. तू नको म्हणालीस तर ते बरोबरच असेल, आणि मी परत विचारणार नाही.

नणंद


२ एप्रिल

ताई,

हे मी डाव्या हाताने लिहितोय. चार दिवस लागले. अक्षर बघून हसू नकोस. तिसरीत होतं त्यापेक्षा बरं आहे.

तुझं पत्र हिने मला दिलं आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी जोरात वाजत होती. मग बाहेर आली आणि बिस्किटांचा डबा माझ्यासमोर आपटला. पांढरं पाकीट एकच होतं. मी किटलीच्या वाफेवर धरलं, तू मला लहानपणी दाखवलं होतंस तसं. एका हाताने जोड सुटायला फार वेळ लागतो. ही उभी राहून बघत होती, मदत केली नाही. शेवटी तिला राहवलं नाही, तिने एक टोक धरलं.

'लाल बूट' असं लिहिलंयस, भोवती चौकट काढून.

तुझ्या पाठीवरून पडलेला बूट. ताप मला होता आणि मी बुटासाठी रडत होतो. तू दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन सगळा रस्ता शोधून आलीस, घरी कोणाला सांगितलं नाहीस. मला माहीत आहे, तुझ्या पायांना फोड आले होते. पण ताई, बूट लाल नव्हता गं. चॉकलेटी होता. हिने मला शब्द सांगितला नाही ते जाऊ दे. तू फोनवर सरळ विचारलं असतंस की तेव्हा काय हरवलं, तरी मी 'चॉकलेटी बूट' म्हटलं असतं आणि तू फोन आपटलाच असतास. हे मी हिला सांगितलं तेव्हा ही इतक्या दिवसांनी हसली. मग बराच वेळ रडली. पाकिटं विकत आणायची ती, हे मला आधी माहीतच नव्हतं. दोघी एकीसारखी एक आहात.

दुकानात जातो मी. चप्पल शिवणाऱ्याचा पुतण्या चिमटा धरतो आणि मी सांगतो कुठे. चुकतो तो. मी त्याच्यावर ओरडत नाही, ओरडावंसं वाटतं. अंगठा वाकत नाही, ताई. रोज सकाळी उठलो की आधी तो वाकवून बघतो.

मी बाकावर बसलो होतो तेव्हा मला तुझा राग आला नव्हता. तो नंतर आला, अजून आहे. तो कधी जाईल ते मला माहीत नाही. तू आलीस आणि मी दोन दिवस बोललो नाही तर त्याचा तो अर्थ समज.

पण ये. ही म्हणते, "येऊ देत, पण दार मी उघडणार, आणि शब्द विचारणार." नवा शब्द तिने ठरवलाय आणि मलासुद्धा सांगत नाही. तू तिच्या नादी लागू नकोस. शब्द नको, काही नको. तू जिन्यातून नुसती हाक मार. तुझा आवाज मी ओळखतो.

गोगलगाय